‘कळविण्यात येते की…’ : वसाहतकालीन जाहीरनाम्यांच्या मराठीचे एक वाचन

१८९० सालच्या रेल्वे कायद्यात तिकिटाविषयी एक कलम आहे. तिकिटावर कोणता मजकूर असावा हे ते सांगते : डब्याचा वर्ग, कुठून कुठवर जायचे ती ठिकाणे आणि घेतलेले भाडे. इथवर विशेष काही नाही. पण त्याच कलमाचा पुढचा भाग हा मजकूर कोणत्या भाषेत छापायचा ते ठरवतो. तिकीट सर्वांत खालच्या वर्गाचे असेल, तर त्या मुलखात चालणाऱ्या देशी भाषेत. त्याहून वरच्या कोणत्याही वर्गाचे असेल, तर इंग्रजीत.

म्हणजे पुण्याहून मुंबईला निघालेल्या एखाद्या शास्त्रीबुवांनी पदरमोड करून वरच्या वर्गाचे तिकीट काढले, तर त्यांच्या हाती इंग्रजी मजकूर पडणार. इंग्रजीचे अक्षर त्यांना ओळखता येते की नाही, हा प्रश्नच नाही. प्रवाशाला काय वाचता येते यावर तिकिटाची भाषा ठरत नव्हती, तो कोणत्या बाकावर बसणार यावर ठरत होती. मराठीची जागा सर्वांत खालच्या वर्गात आहे, असे कुणी भाषणात म्हटले असते तर वृत्तपत्रांनी रान उठवले असते. इथे ते कायद्याच्या एका पोटकलमात, आवाज न चढवता, सांगून टाकलेले आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना आपण काही ठरावीक टप्पे घेतो. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश, १८३२ चे ‘दर्पण’, १८५० ची मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’, १८७४ ची ‘निबंधमाला’. हे टप्पे बरोबरच आहेत. पण त्या काळातील बहुसंख्य मराठी माणसांना छापील मराठी पहिल्यांदा भेटली ती यांपैकी कशातही नव्हे. ती भेटली चावडीवर, बंदरावरच्या जकातनाक्यावर, कचेरीच्या दारावर आणि स्टेशनच्या भिंतीवर. निबंध वाचणारे शेकड्यांनी मोजावेत असे होते. नोटीस मात्र ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही बजावली जात होती. वाङ्मयेतिहासात या गद्याला क्वचितच जागा मिळते, कारण त्याला लेखक नाही. माझ्या मते लेखक नसणे हाच त्याचा सर्वांत लक्षणीय वाङ्मयीन गुणधर्म आहे, आणि म्हणून ते टीकाकाराच्या कामाचे आहे.

या लेखात दर्यावरची, कचेरीतली आणि रेल्वेची अशा तीन प्रकारच्या सरकारी सूचना, आणि त्यांच्यामागे उभे असलेले कायदे, मी चार साधे प्रश्न विचारून वाचणार आहे. इथे बोलतो कोण? कोणाशी बोलतो? कारण सांगतो का? आणि ऐकणाऱ्याच्या उत्तराला जागा ठेवतो का?

१. आधीचा आवाज

तुलनेसाठी थोडे मागे जायला हवे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाचा विषय येतो. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या कामाची आहेत, पण ती रयतेच्या दारची. तेव्हा हात लावू नये, असे अमात्य सांगतात आणि तिथेच थांबत नाहीत. ही झाडे दोन-चार वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, हे कारणही देतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी वाटही सांगतात.

हा मजकूर रयतेला उद्देशून नाही, राज्यकर्त्यांसाठी आहे. जुन्या राजवटीचे हुकूम भिंतीवर लावले जात नसत, ते नावानिशी पाठवले जात. पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे मायन्यातच स्पष्ट असे. त्या व्यवस्थेत न्याय जातीनुसार बदलत होता आणि हुकूम धन्याच्या मर्जीवर होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुद्दा गद्यापुरता आहे. त्या गद्यात बोलणारा दिसतो, आणि तो कारण देतो.

इंग्रजी अमलाचा मराठी मुलखातला पहिला मोठा जाहीरनामा पाहिला तर त्यातही हे दोन्ही गुण सापडतात. सातारा हाती आल्यावर ११ फेब्रुवारी १८१८ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तो काढला. दुसरा बाजीराव तेव्हा अजून पळत होता. तो शरण आला जूनमध्ये. त्यामुळे या जाहीरनाम्याला लोकांची मने वळवायची होती, आणि म्हणून तो गोष्ट सांगतो. बाजीराव गादीवर कसा आला, कंपनीशी त्याचा तह कसा झाला, गंगाधरशास्त्र्यांचा खून, त्रिंबकजी डेंगळे, रेसिडेन्सीवरचा हल्ला : सगळा इतिहास कंपनीच्या बाजूने क्रमाने येतो. मग आश्वासने येतात. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने आणि धर्मादाय चालू राहतील. मक्त्याची पद्धत बंद होईल. सारा माफक राहील. पाठोपाठ धमकी येते. बाजीरावाच्या निशाणाखाली असलेल्या वतनदारांनी दोन महिन्यांत आपापल्या गावी परतावे. न परतणाऱ्यांच्या जमिनी जातील.

टीकाकाराने या जाहीरनाम्यातला एक छोटा वाक्यांश टिपून ठेवावा. सर्व पंथांच्या रीतिरिवाजांना संरक्षण मिळेल, पण न्याय्य आणि वाजवी असेल तितपत. हे ‘तितपत’ ठरवणार कोण, याचा उल्लेख नाही. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, घराघरातल्या सनदा तपासायला निघाल्या आणि पुराव्याचा भार इनामदाराच्या खांद्यावर पडला. तेव्हा चौतीस वर्षांपूर्वीच्या जाहीरनाम्यातल्या सरळ वाक्यांइतकेच त्यातले न बोललेलेही वजनदार होते, हे दख्खनला कळले. इनामदारी ही काही समतेची व्यवस्था नव्हती, तिच्यासाठी अश्रू ढाळायला नकोत. पण एक धडा कायमचा मिळाला. सरकारी मजकुरात आश्वासन असते तिथेच, त्याच वाक्यात, त्याची सुटकेची खिडकीही असते.

१८१८ नंतर एवढा बोलका जाहीरनामा शोधूनही सापडणे अवघड. सत्ता नवी असते तेव्हा ती कारणे सांगते. ती स्थिरावली की नुसते कळवते.

२. दर्यावर

कोकणच्या किनाऱ्यावर सरकार स्थिरावल्याचे चिन्ह म्हणजे १८३८ चा किनारी गलबतांचा कायदा. मुंबई इलाख्यातल्या किनाऱ्यावर चालणारी गलबते, मासेमारीच्या होड्या आणि बंदरातले मचवे यांची नोंद व्हावी, प्रत्येकाला क्रमांक मिळावा, तो लाकडावर डागावा आणि नाव ठळक रंगवावे, असे त्याचे सार. मासेमारीच्या होड्यांवर फीही बसली.

गलबताला नाव असणे दर्यावर्दींना नवे नव्हते. देवीच्या नाहीतर ग्रामदेवतेच्या नावावर गलबत पाण्यात लोटायचे, नारळ फोडायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. नाव त्याच्या धन्यासाठी आणि दर्यासाठी होते. आता ते जकातीच्या कारकुनासाठी झाले, आणि त्याच्याशेजारी एक आकडा बसला. कारकुनाच्या वहीत गलबत आकड्याने ओळखले जाई, गावात नावाने. एकाच लाकडावर दोन भाषा शेजारी शेजारी राहू लागल्या.

पुढची पायरी हवामानाची. उतारू वाहणाऱ्या जहाजांवर किती माणसे घ्यायची हे ठरवणाऱ्या कायद्यांत, उदाहरणार्थ १८८७ च्या कायद्यात, चांगल्या हवेचा हंगाम कोणता आणि वाईट हवेचा कोणता हे सरकारने जाहीर करावे, अशी तरतूद आहे. हंगामाप्रमाणे उतारूंची संख्या कमी-जास्त व्हावी, हा हेतू उघडच शहाणपणाचा होता. पण वाक्याची रचना पाहा. दर्या शांत झाला म्हणून हंगाम सुरू होत नाही. जाहीर झाला म्हणून सुरू होतो. कोळीवाड्यात हे काम नारळी पौर्णिमा करत होती. तिथेही तारीख ठरलेली होती, पण तिच्यात दर्याला विचारण्याची रीत होती : नारळ वाहायचा, लाटांचा रंग पाहायचा आणि म्हाताऱ्या तांडेलाने मान हलवली की दोर सोडायचा. सरकारी हंगामात विचारण्याची ही जागा उरली नाही.

आकड्यांनी जीव वाचतात, हे खरे आहे. त्याचबरोबर जाहीर झालेला हंगाम आणि आकाशातला हंगाम यांतले अंतर किनाऱ्याने वेळोवेळी मोजले आहे. वसाहतीचा अंमल संपायला महिनाही उरला नव्हता, तेव्हा १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस-मांडव्यापासून खाली सगळ्या किनाऱ्यावर ती आठवण अजून ताजी आहे.

याच दर्यावर मला वसाहतकालातली सर्वांत यशस्वी सूचनाही सापडते, आणि तिला भाषाच नाही. १८६७ मध्ये खांदेरीला दीपगृह उभे राहिले, १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेला प्राँग्जचे. नव्या दिव्याची माहिती देणाऱ्या नाविक सूचना इंग्रजीत निघत, त्या आगबोटींच्या कप्तानांसाठी. तांडेलाने सूचना वाचली नाही. त्याने दिवा वाचला. तीच गोष्ट वादळाच्या बावट्याची. बंदराच्या काठीवर चढवलेल्या खुणेचा क्रमांक सगळ्या किनाऱ्याने आत्मसात केला. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आज कोणत्याही मराठी वृत्तपत्रात येते आणि त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. बावट्याला खालचा आणि वरचा वर्ग नाही. कप्तानाला आणि कोळ्याला तो एकच गोष्ट, एकाच वेळी सांगतो. शिवाय तो कारण आपल्याबरोबर घेऊन येतो : वादळ. एवढ्या गुणांवर तो लोकांच्या भाषेत शिरला. लिखित नोटिशीला हे क्वचितच जमले.

३. कचेरीत

न्यायाच्या नोटिशीचा इतिहास मुंबई इलाख्यात १८२७ पासून सुरू करावा लागतो. त्या वर्षीच्या सत्तावीस रेग्युलेशनांचा संच एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखला जातो. त्यातले चौथे रेग्युलेशन निवाडा कशाच्या आधारे करायचा याची उतरंड सांगते. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तिथे मुलखाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समबुद्धी आणि सदसद्विवेक. रिवाजाला दिलेली ही दुसरी जागा त्या काळाच्या मानाने उदार होती. पण रिवाज सांगायचा तर माणसाने कचेरीत उभे राहावे लागते, आणि कचेरीत उभे राहण्याआधी त्याला बोलावणे पोहोचावे लागते.

ते पोहोचत कसे? १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याने समन्स बजावण्याची रीत घालून दिली. प्रतिवादी सापडला नाही तर समन्स त्याच्या घराच्या दाराला चिकटवावे. म्हणजे ते बजावले गेले. ‘बजावणे’ या क्रियापदाचा प्रवास इथे पाहण्यासारखा आहे. जे बजावायचे ते समोरच्याच्या कानात आणि मनात उतरले पाहिजे, असा त्याचा आपल्या बोलीतला अर्थ. ‘मी त्याला बजावून सांगितले’ असे आपण म्हणतो तेव्हा ऐकणारा समोर असतो. ‘नोटीस बजावली’ या वाक्यात ऐकणाऱ्याची गरज उरलेली नाही. दार पुरते.

सुगीत शेतावर राहायला गेलेल्या कुणब्याच्या दारावर कागद लागतो. त्याला तो दिसत नाही. दिसला तरी वाचता येत नाही. वाचून घ्यायचा तर ज्याच्याकडे जायचे तो कुलकर्णी बहुधा सावकाराच्या ओट्यावर बसणारा. तारीख उलटते आणि निकाल एकतर्फी लागतो. १८५९ च्याच मुदतीच्या कायद्याने नोंद न केलेल्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू कर्जदाराचे रक्षण असा सांगितला जाई. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी कचेऱ्या, कारकून, वकील आणि स्टँपाचे कागद यांच्या चक्रात सापडलेला शेतकरी ज्या तपशिलाने उभा केला आहे, तो नोटिशीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा आपल्याकडचा पहिला सविस्तर पंचनामा म्हणावा लागेल.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा सुरू झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी काय मागितले हे महत्त्वाचे. त्यांनी सावकारांकडे खते मागितली, आणि मिळाली ती जाळली. वाचता न येणाऱ्या लोकांनी कागदाची ताकद वाचता येणाऱ्यांपेक्षा अचूक ओळखली होती. पुढे चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्यातील एका तरतुदीने कोर्टावर बंधन घातले की प्रतिवादीला बोलावून त्याची तपासणी करावी, आणि खताच्या मागे जाऊन मुळात किती पैसे दिले गेले ते पाहावे. जाहीरनाम्याच्या इतिहासात या तरतुदीचे मोल मोठे आहे. दाराशी बोलून भागणार नाही, माणसाशीच बोलले पाहिजे, अशी ती सरकारने स्वतःलाच बजावलेली नोटीस होती.

कचेरीचा आणखी एक आवाज होता : दवंडी. जप्ती आणि लिलाव जाहीर करायचा तर मालमत्तेच्या जागी दवंडी पिटवावी आणि कागद ठळक जागी लावावा, असे दिवाणी कायदा सांगतो. ही रीत आजच्या कार्यपद्धतीतही शब्दशः टिकून आहे. म्हणजे आपला कागद वाचला जाणार नाही हे कायद्याला पहिल्यापासून ठाऊक होते. पण दवंडी पिटणारा कोण? बहुतेक गावांत हे काम महाराच्या वतनाचे. सरकारचा शब्द गावभर नेणारा माणूस तोच, आणि गावच्या पाणवठ्यावर ज्याला मज्जाव तोही तोच. ज्याच्या तोंडून कायदा बोलत होता त्याच्याशी कायदा काय बोलत होता, या प्रश्नाकडे शेवटी परत यायचे आहे.

४. भाडेपत्रकावर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. एकवीस मैलांचे सुरुवातीचे भाडे पहिल्या वर्गाला दोन रुपये दहा आणे, तिसऱ्याला पाच आणे तीन पै. हिशेब केला तर तिसऱ्या वर्गाला मैलाला तीन पै, पहिल्याला चोवीस, एकास आठ.

भाडेपत्रकाच्या बाजूने जे म्हणायला हवे ते आधी म्हणतो. त्यात घासाघीस नव्हती. बैलगाडीवाला गिऱ्हाईक पाहून दर सांगे. खिडकीतला बाबू जात विचारून भाडे ठरवू शकत नव्हता. तीन पैत ब्राह्मण जितका जाई तितकाच महार जाई आणि दोघेही एकाच बाकावर. छापील दर, सर्वांना सारखा, सर्वांच्या नजरेसमोर : सोवळ्याओवळ्याच्या समाजात ही मोठी गोष्ट होती, आणि ती कुठल्या सुधारकाच्या व्याख्यानाने घडली नव्हती, एका तक्त्याने घडली. १८९० च्या कायद्याने तर प्रत्येक स्टेशनावर वेळापत्रक आणि भाड्यांची यादी इंग्रजीत आणि त्या भागातल्या देशी भाषेत लावणे बंधनकारक केले. जाहीर मजकुराचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

मग त्याच कायद्याची पुढची कलमे वाचावीत. भाडे घेतले आणि तिकीट दिले ते गाडीत जागा असेल या अटीवर, असे समजावे. जागा मिळाली नाही तर गाडी सुटल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करून पैसे मागता येतील. वाक्याचा क्रम नीट पाहिला की व्यवहार उलगडतो : पैसे आधी आणि नक्की, जागा नंतर आणि मिळाली तर. आता हे खिडकीवर सांगायचे कुणी? ज्याचे तिकीट देशी भाषेत त्याला हे कलम देशी भाषेत छापून द्यावे, असे कलम म्हणत नाही.

डब्यात किती माणसे बसायची तो आकडा डब्यावर स्पष्ट दिसेल असा लिहावा, हेही कायद्यात आहे. १२ सप्टेंबर १९१७ रोजी गांधीजी मुंबईहून मद्रासला रात्रीच्या मेलने तिसऱ्या वर्गातून निघाले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. पुढे त्यांनी या प्रवासावर लिहिले त्यात त्यांचे पहिले हत्यार डब्यावरचा तो आकडा आहे : बावीस. ही बावीस माणसे फक्त बसू शकत होती, आडवे होण्याचा प्रश्न नव्हता. आणि प्रवासात काही वेळा संख्या पस्तीसपर्यंत गेली. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त, तर सोयीही त्याच प्रमाणात कमी आहेत का, की त्याहून कितीतरी कमी, असा त्यांचा प्रश्न आहे. विशेषणे थोडी, आकडे रेल्वेचेच. रेल्वेने भिंतीवर लिहिले ते गांधीजींनी मोठ्याने वाचून दाखवले, इतकेच.

आता दंड पाहा. आकडा भरल्यावरही एखाद्या उतारूला त्या डब्यात कोंबणाऱ्या रेल्वे नोकराला जास्तीत जास्त वीस रुपये दंड. गाडी थांबवण्याच्या साधनाचा विनाकारण वापर करणाऱ्या उतारूला जास्तीत जास्त पन्नास. ‘साखळी ओढा’ आणि खाली पन्नास रुपये ही पाटी डब्याडब्यात लागली आणि पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ झाली. वीस रुपयांचे कलम कायद्याच्या पुस्तकातच राहिले. दोन्ही तितकीच कायदेशीर. सूचना म्हणजे नुसता मजकूर नसतो. कोणता मजकूर भिंतीवर आणि कोणता कपाटात, ही निवडही तिचाच भाग असते.

५. वाक्यरचना

तिन्ही ठिकाणचे गद्य एकत्र ठेवले तर त्याची घडण दिसते. शब्द फारसी : जाहीर, हुकूम, मुदत, तपशील, मजकूर, सदरहू. वाक्याचा सांगाडा इंग्रजी कायद्याचा, अटींच्या आत अटी. आणि शेवटी मराठी क्रियापद, तेही कर्ता गाळून : कळविण्यात येते, करण्यात येईल, समजण्यात येईल. कळवतो कोण? समजतो कोण? जुन्या पत्रातला ‘आम्ही’ किंवा ‘स्वामी’ जाऊन तिथे कुणीच उरलेले नाही. हुकूम जणू हवेतून येतो, मान्सूनसारखा. त्याच्यावर रागावायला तोंड नाही आणि विनवायला कान नाही.

स्वातंत्र्यानंतर मराठी राजभाषा झाली, शासनव्यवहाराचे कोश झाले, ‘जाहीरनामा’ जाऊन ‘अधिसूचना’ आली, ‘हुकूम’ जाऊन ‘आदेश’ आला. फारसीच्या जागी संस्कृत बसले. वाक्याचा सांगाडा आणि शेवटचे कर्ताहीन क्रियापद जसेच्या तसे राहिले. भाषाशुद्धीचे सगळे वाद शब्दांवर लढले गेले. प्रयोगाकडे कुणी फारसे पाहिले नाही. आपल्या सरकारी मराठीचा खरा वारसा मला तिथे दिसतो.

६. उत्तर

पण नोटीस जाहीर होते तेव्हा ती लिहिणाऱ्याच्या हातून सुटते. तिच्यात उत्तराला जागा ठेवलेली नसली तरी लोक ती करून घेतात. मराठी वादप्रधान गद्याची एक मोठी धारा, अर्ज, अग्रलेख, पत्रके, ही मला या उत्तरांची बेरीज वाटते.

१८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेने काय केले? त्यांनी नवा कायदा मागितला नाही. सरकारचीच दुष्काळ-संहिता हाती घेतली, तिच्यात साऱ्याच्या तहकुबीविषयी आणि कामाविषयी काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत सांगितले, आणि सभेची माणसे गावोगाव पाठवली. ‘तहकूब करता येईल’ या कर्ताहीन वाक्यात त्यांनी कर्ता भरला : सरकार. आणि कर्म भरले : तुझा सारा. या भाषांतराने सरकार इतके अस्वस्थ झाले की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली गेली. आपलाच मजकूर दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे सत्तेला का झेपले नाही, हे वर पाहिलेल्या व्याकरणावरून समजते.

आणि दवंडीच्या माणसाचे काय? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात. सरकारने खात्यांना तसे कळवले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले. तीन वर्षे कुणी पाण्याला हात लावू शकले नाही. अगदी नेहमीचा सरकारी मजकूर : करण्यात येत आहे. करणारा कुणी नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. माझ्या वाचनात हा त्या ठरावाचा पहिला खरा पाठ आहे. कर्ताहीन वाक्याला पहिल्यांदा कर्ता मिळाला, आणि तो हजारोंचा होता. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे हुकूम गावभर ओरडून सांगितले, त्यांनी आपल्या हक्काचा मजकूर स्वतः वाचला, आणि आवाजाने नव्हे, पावलांनी.

प्रत्युत्तरही नोटिशींनीच आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात, दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर, दिवाणी कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम काढला. तळे खासगी की सार्वजनिक, रिवाज सिद्ध होतो की नाही, यावर दावा चालला. एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनाने रिवाजाला दिलेली ती उदार जागा शंभर वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडू पाहत होती, हे इथे लक्षात घ्यावे. अखेर १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला, तो तळे मोकळे ठेवणारा. १९२४ च्या एका ओळीच्या ठरावाचा कायदेशीर अर्थ लागायला तेरा वर्षे गेली. लोकांना तो एका दुपारी लागला होता.

म्हणून जाहीरनाम्यांचे वाचन हा मला दप्तरखान्यापुरता विषय वाटत नाही. आजही स्टेशनवर, बंदरावर, तहसील कचेरीच्या दारावर ‘सर्वांना कळविण्यात येते की’ असे लिहिलेले असते. आपण पुढचा मजकूर वाचतो, तारीख पाहतो आणि निघतो. एकदा त्या पहिल्या चार शब्दांपाशी थांबावे आणि विचारावे : कोण कळवतो? महाडला गेलेल्यांनी एवढाच प्रश्न विचारला होता.